पुराआधीचे तास
(शताब्दी व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचा मजकूर)



धारच्या भोजराजाचे नाव घेतले की सरस्वतीची उपासना, व्याकरण आणि काव्यशास्त्र यांची आठवण प्रथम होते. परंतु त्याच राजाच्या नावाशी परंपरेने आणखी एक गोष्ट जोडलेली आहे. बेतवा नदीच्या खोऱ्यात भोजपूरजवळ एक प्रचंड तलाव होता, आणि डोंगरांमधील खिंडी दगडमातीच्या बांधांनी बुजवून तो भोजाने निर्माण केला असे सांगतात. पंधराव्या शतकात माळव्याचा सुलतान होशंगशाह याने तो बांध फोडला. त्या प्रदेशातील गोंडांची दंतकथा अशी की, बांध फोडण्यास सुलतानाच्या सैन्याला तीन महिने लागले, तलाव रिता होण्यास तीन वर्षे लागली, आणि तळाची जमीन वस्तीयोग्य होण्यास तीस वर्षे जावी लागली. दंतकथेतील आकडे मोजपट्टीवर तपासायचे नसतात. तरी त्यांच्यात एक जाण आहे. साठविलेले पाणी सोडावयाचे म्हटले की पहिला प्रश्न काळाचा येतो. किती पाणी, किती वेळात आणि कोणाच्या अंगणातून? आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे. जलाशयांचे परिचालन आणि पुराचे पूर्वानुमान यांसाठी संगणक कोणते काम करतो, आणि कोणते काम त्याच्या हाती नाही?

धार आणि देवास ही पवारांची दोन संस्थाने माळव्याच्या पठारावर वसली. त्यांतील देवास तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशी एकाच गावात दुभंगलेली. या पठारावरच्या माणसाला महापुराचे भय फारसे वाटत नाही. क्षिप्रा, काळी सिंध आणि चंबळ येथून उत्तरेस जातात आणि आपले पाणी यमुनेला देतात. मही धार जिल्ह्यात उगम पावते आणि गुजराथेतून खंबातच्या आखाताला मिळते. म्हणजे ही भूमी पाणी वाटून देणारी आहे. ते येथे फार वेळ थांबत नाही. देवासकरांची ताजी आठवण तर पुराच्या उलट टोकाची आहे. एप्रिल १९९० मध्ये इंदूरहून पाण्याच्या टाक्या भरलेली आगगाडी देवासला आणावी लागली. ज्या गावाने पाण्यासाठी रेल्वेच्या फलाटाकडे डोळे लावले, त्या गावात महापुराची चर्चा कशासाठी, असे कोणी विचारले तर त्यात नवल नाही.

त्याचे उत्तर दोन्ही जिल्ह्यांच्या दक्षिण सीमेवर आहे. पठाराची कड संपून विंध्याचा उतार लागला की खाली नर्मदा दिसते. देवास जिल्ह्याच्या बाजूला नेमावर, जेथे सिद्धेश्वराचे प्राचीन मंदिर आहे आणि ज्याला नर्मदेचे नाभिस्थान मानतात. धार जिल्ह्याच्या बाजूला धरमपुरी, चिखलदा आणि आतल्या अंगाला निसरपूर. अमरकंटकपासून समुद्रापर्यंत १,३१२ किलोमीटर धावणाऱ्या आणि सुमारे ९८,८०० चौरस किलोमीटर प्रदेशाचे पाणी गोळा करणाऱ्या या नदीवर गेल्या पन्नास वर्षांत पायऱ्यांसारखी धरणे उभी राहिली. वर जबलपूरजवळ बर्गी, उपनदीवर तवा, मग खंडवा जिल्ह्यात पुनासा येथे इंदिरासागर, त्याच्याखाली ओंकारेश्वर, आणि शेवटी गुजराथेत सरदार सरोवर. परिक्रमावासी ज्या नदीला प्रदक्षिणा घालतात, ती आता एका मोठ्या भागात सलग वाहणारी नदी राहिलेली नाही. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात उतरणारे पाणी असे तिचे रूप झाले आहे. त्या उतरण्याचा वेग आणि वेळ आता केवळ मेघराजाच्या हाती नाही. दरवाजे उघडणाऱ्या माणसाच्याही हाती आहे.

ही जबाबदारी केवढी आहे हे कळण्यासाठी तिच्यामागचे गणित थोडे समजून घेतले पाहिजे. ‘संगणकीय प्रारूप’ हा शब्द कानाला जड वाटतो, परंतु त्याचा गाभा पेढीवरच्या कोणाही मुनिमाला कळेल असा आहे. जलाशयात जितके पाणी आले, त्यातून जितके गेले, आणि दोहोंचा जो फरक, तितका साठा वाढला किंवा घटला. आवक, जावक, शिल्लक. ही खतावणी दर तासाला मांडावयाची, आणि केवळ झालेल्या व्यवहारांची नव्हे, तर पुढच्या दोन-तीन दिवसांत होऊ घातलेल्या व्यवहारांचीही. खरी अडचण येथेच सुरू होते, कारण उद्याची आवक आज कोणी पाहिलेली नसते.

ती आवक अजमावण्यासाठी विज्ञानाने तीन शिड्या बांधल्या. पहिली शिडी पावसापासून ओढ्यापर्यंतची. पाणलोट क्षेत्रावरील पावसातून एक इंच पाणी वाहून निघाले तर ते नदीच्या मुखाशी कोणत्या क्रमाने पोचेल, हे सांगण्याची सुटसुटीत रीत शेर्मन या अमेरिकन अभियंत्याने १९३२ साली मांडली. दुसरी शिडी नदीच्या पात्रातली. पुराची लाट खाली सरकताना पसरत जाते, तिचा माथा बुटका होतो आणि वेळ लांबतो. मॅकार्थी याने १९३८ साली ओहायो राज्यातील मस्किंगम नदीवर काम करताना याचे गणित बसविले, आणि ते त्या नदीच्याच नावाने जगभर ओळखले जाते. प्रवाहाचे अधिक काटेकोर समीकरण तर फ्रेंच शास्त्रज्ञ सेंट व्हेनांट याने १८७१ सालीच लिहून ठेवले होते. परंतु ते हाताने सोडविणे जवळजवळ अशक्य होते, म्हणून ते यंत्राची वाट पाहत राहिले. तिसरी शिडी जलाशयाची, म्हणजे वर सांगितलेली खतावणी. कॅलिफोर्नियात डेव्हिस येथे १९६४ साली स्थापन झालेल्या जलवैज्ञानिक अभियांत्रिकी केंद्राने या तिन्ही शिड्या एकमेकींना जोडणाऱ्या संगणक प्रणाली रचल्या आणि त्या जगाला वापरण्यास खुल्या केल्या. सेंट व्हेनांटच्या समीकरणाने नऊ दशके ज्या यंत्राची प्रतीक्षा केली, ते आता साध्या कार्यालयातल्या मेजावर आले.

भारतात पुराच्या शास्त्रीय पूर्वानुमानाचा आरंभ १९५८ साली झाला. दिल्लीत यमुनेवरील जुन्या रेल्वे पुलापाशी पाणी किती चढेल, हे आधी सांगण्याचे काम केंद्रीय जल आयोगाने हाती घेतले. पुढे हे जाळे देशभर पसरले. नर्मदेवर मंडला, होशंगाबाद म्हणजे आजचे नर्मदापुरम्, गरुडेश्वर आणि भडोच येथून असे अंदाज निघतात. महाराष्ट्रात कृष्णा आणि भीमा या खोऱ्यांसाठी जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात अशी प्रणाली बसविण्यात आली की, पर्जन्यमापकांचे आणि नदीच्या पातळ्यांचे आकडे दूरसंदेशाने एका ठिकाणी यावेत, त्यांवरून प्रत्येक धरणाची आवक मोजली जावी, आणि कोणते दरवाजे केव्हा उघडले तर खालच्या गावात पाणी किती चढेल हे आधी पाहता यावे. नदीवर प्रयोग करता येत नाही, कागदावरच्या नदीवर मात्र शंभर वेळा करता येतो. प्रारूपाचे सगळे महत्त्व या एका वाक्यात आहे.

मग तरीही पूर का येतात? कृष्णा-पंचगंगेच्या काठी ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर का बुडाले? पहिले कारण आकाशातले: पाऊसच अपरंपार पडतो. दुसरे कारण मात्र धरणाच्या पोटातले आहे, आणि ते नीट समजले पाहिजे.

एकाच जलाशयाकडून दोन परस्परविरुद्ध अपेक्षा केल्या जातात. वीज आणि पाणी हवे असेल तर तो भरलेला असावा. पूर अडवावयाचा असेल तर तो रिकामा असावा. भाद्रपदात शेतकरी, नगरपालिका आणि वीजमंडळ तिघेही म्हणतात, आता भरून घ्या, कारण पाऊस परतीला लागला आहे. परंतु माळव्यातले आणि निमाडातले कित्येक मोठे पूर याच महिन्यात आले आहेत. या ओढाताणीत तडजोड म्हणून प्रत्येक जलाशयासाठी परिचालन सूची केलेली असते. अमुक तारखेला पाणी अमुक पातळीच्या वर जाऊ देऊ नये, असा तिचा दंडक असतो. सूची पाळली तर पुरासाठी थोडी जागा शिल्लक राहते. मात्र सूची पाळूनही पाऊस आला नाही तर जलाशय अर्धा राहतो, आणि त्याचा जाब त्याच अधिकाऱ्याला उन्हाळ्यात द्यावा लागतो. भरलेल्या धरणाचे कौतुक होते. रिकाम्या ठेवलेल्या धरणाला कोणी हार घालत नाही.

येथे देवासकरांनाही आपल्याकडे पाहावे लागेल. १९९० च्या त्या आगगाडीनंतर देवासची तहान भागविण्यासाठी नर्मदेकडेच जावे लागले. नेमावरहून नळाने पाणी देवासच्या कारखान्यांपर्यंत आणले गेले. आणि २०१४ साली ओंकारेश्वर प्रकल्पाचे पाणी उचलून क्षिप्रेच्या उगमाशी सोडण्यात आले. म्हणजे ज्या पाण्याचा साठा देवासला भरलेला हवा, त्याच नदीच्या खालच्या काठावरील धारच्या गावांना तो वेळीच हलका केलेला हवा. हे दोन शेजारी जिल्ह्यांचे भांडण नव्हे. एकाच कुटुंबाच्या दोन रास्त गरजा आहेत, आणि त्यांचा मेळ घालण्यासाठीच मोजमाप हवे.

ते मोजमाप सप्टेंबर २०२३ च्या उदाहरणावरून पाहता येईल. त्या महिन्याच्या मध्यास पश्चिम मध्य प्रदेशात अतिवृष्टी झाली. इंदूर, धार, झाबुआ, बडवानी हा सगळा टापू एकाच वेळी भिजला. इंदिरासागरपर्यंतचे पाणलोट क्षेत्र सुमारे ६१,६०० चौरस किलोमीटर आहे आणि सरदार सरोवरापर्यंतचे सुमारे ८८,०००. या दोहोंमधील सव्वीस हजार चौरस किलोमीटरांवर पडणारा पाऊस अडविण्यास इंदिरासागराचा अवाढव्य साठा उपयोगी पडत नाही, कारण तो पाऊस त्याच्या खालीच पडतो. मध्ये ओंकारेश्वर आहे खरे, पण त्याचा उपयुक्त साठा जेमतेम ३०० दशलक्ष घनमीटर. सेकंदाला दहा हजार घनमीटर पाणी आले तर तो साडेआठ तासांच्या आत भरतो. १७ सप्टेंबरला सरदार सरोवर आपल्या पूर्ण संचय पातळीला, म्हणजे १३८.६८ मीटरला पोचले, आणि त्यातून सुमारे १८ लाख क्युसेक पाणी सोडावे लागले. खाली भडोच येथे गोल्डन ब्रिजपाशी, जेथे धोक्याची पातळी २४ फूट आहे, तेथे पाणी ४० फुटांवर गेले. भडोच आणि अंकलेश्वर बुडाले.

आता खतावणी मांडू. १८ लाख क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे ५१,००० घनमीटर, आणि तासाला सुमारे १८४ दशलक्ष घनमीटर. सरदार सरोवराचा पृष्ठभाग पूर्ण पातळीला सुमारे ३७५ चौरस किलोमीटर असतो. एवढ्या आवकेच्या वेळी सगळे दरवाजे बंद ठेवले असते तर जलाशय तासाला जवळजवळ अर्धा मीटर चढला असता. पूर्ण संचय पातळी आणि १४०.२१ मीटरची कमाल पातळी यांच्यात अंतर दीड मीटरचे, म्हणजे साधारण तीन तासांचे. त्या टप्प्यावर अभियंत्याकडे निर्णय असा फारसा उरतच नाही. पाणी येईल तसे जाऊ द्यावे लागते.

परंतु एक दिवस आधी? जलाशय तीन मीटरने खाली ठेवला असता तर सुमारे एक हजार दशलक्ष घनमीटर जागा मोकळी राहिली असती. माथ्याच्या काळातील साडेपाच तासांचे पाणी तिच्यात मावले असते. एवढी जागा करण्यासाठी आवकेपेक्षा पाच लाख क्युसेक जास्त पाणी सुमारे वीस तास सोडत राहावे लागते. म्हणजे हिशोब असा की, आधीचा एक दिवस खर्ची घातला तर ऐन माथ्यावरचे पाच-साडेपाच तास मिळतात. पूर टळला असता असे हे गणित म्हणत नाही. त्याचा माथा उतरला असता आणि माणसांना सामान हलविण्यास वेळ मिळाला असता, एवढेच ते म्हणते. पाणी आधी सोडावयास हवे होते, असा आरोप त्या वेळी झाला. अतिवृष्टी अनपेक्षित होती, असे उत्तर देण्यात आले. या वादाचा निवाडा व्यासपीठावरून करण्याचे कारण नाही. परंतु असा निवाडा कधीतरी व्हावयाचा असेल तर त्यासाठी एकच पुरावा चालेल: कोणत्या तासाला कोणता अंदाज हाती होता, आणि त्या तासाला कोणता दरवाजा किती उघडला होता, याची नोंद.

भडोचचा पूर देशाने पाहिला. धार आणि बडवानीचा पूर मात्र धरणाच्या वरच्या बाजूस होता, आणि तो निराळ्या जातीचा होता. धरणातील पाणी ताटातल्या आमटीसारखे सपाट राहत नाही. पूर येत असताना वरून येणाऱ्या प्रवाहाला उतार लागतो, म्हणून धरणाच्या भिंतीपाशी १३८ मीटर असलेले पाणी शे-दीडशे किलोमीटर वर त्याहून कितीतरी उंच असते. यालाच फुगवटा म्हणतात. तो कोठवर जाईल आणि किती चढेल हे डोळ्यांना दिसत नाही. ते गणितानेच ठरते, आणि त्या गणितावर कोणाचे घर बुडीतात आणि कोणाचे बाहेर, हे ठरते. सरदार सरोवराच्या फुगवट्याच्या पातळ्यांची पुढे फेरगणना झाली आणि मध्य प्रदेशातील १५,९४६ कुटुंबे बुडीताबाहेर मानली गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय प्रथमच पूर्ण भरला तेव्हा निसरपूर आणि चिखलदा येथील वस्त्या पाण्याखाली गेल्या. २०२३ मध्ये, बुडीताबाहेर मानलेल्या कित्येक घरांतही पाणी शिरले.

येथे संगणकाकडे पाहण्याची दृष्टी बदलते. पुराचे अनुमान चुकले तर ते दुसऱ्या दिवशी सुधारता येते. फुगवट्याची रेषा मात्र एकदा कागदावर आखली की ती महसुलाच्या दप्तरात जाते, भरपाईच्या यादीत जाते, आणि मग ती रेषा नदीपेक्षा बलवत्तर ठरते. रेषेच्या आत कोण आणि बाहेर कोण हे ज्या आकड्यांवरून ठरले, ते आकडे, त्यांमागची गृहीतके, धरलेला प्रवाह आणि पात्राचे छेद हे त्या घरातल्या माणसाला पाहावयास मिळावेत, ही मागणी विज्ञानविरोधी नाही. उलट विज्ञानाची पहिली अट तीच आहे: जे मोजले ते दुसऱ्याला तपासता आले पाहिजे.

आता देवास जिल्ह्याकडे येऊ. धाराजी हे नर्मदेवरचे तीर्थ देवास जिल्ह्यात, इंदिरासागर धरणाच्या खालच्या अंगाला होते. नर्मदेतली बाणलिंगे महाराष्ट्रातल्या देवघरांतून पूजली जातात, आणि त्यांसाठी धाराजीचा परिसर प्रसिद्ध होता. वर्षप्रतिपदेच्या आधीच्या, त्या भागात भुतडी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अमावास्येला तेथे मोठी जत्रा भरे. ७ एप्रिल २००५ च्या रात्री यात्रेकरू नदीच्या काठी आणि खडकांवर उतरलेले होते. आकाश कोरडे होते, उन्हाळा होता, पावसाचा थेंब नव्हता. वरच्या धरणातून वीजनिर्मितीसाठी सोडलेले पाणी अंधारात चढले आणि पन्नासांहून अधिक माणसांना घेऊन गेले. तो घाटही पुढे ओंकारेश्वरच्या जलाशयात बुडाला.

या प्रसंगात पर्जन्यमापक, उपग्रह आणि समीकरण यांपैकी कशाचीही गरज नव्हती. पाणी किती वाजता सोडणार आणि ते घाटापाशी किती वाजता पोचणार, एवढे दोन रकान्यांचे कोष्टक पुरे होते. तिसरा रकाना पंचांगाचा. त्या दिवशी काठावर कोण असणार आहे, हे प्रत्येक भाविकाला ठाऊक होते. ती तिथी शेकडो वर्षांपासून ठरलेली होती. जे ज्ञान जत्रेतल्या नारळवाल्याला होते, ते विद्युतगृहातल्या घड्याळापर्यंत पोचले नाही. धाराजीचा धडा हा की जलाशयाचे प्रारूप भिंतीपाशी संपता कामा नये. खालच्या काठावरची माणसे, त्यांचे सण, त्यांची उतारावरची शेते, डोंगे आणि कोळ्यांची जाळी, हाही त्या प्रारूपाचाच भाग आहे.

याच्या उलट बाजूचे एक उदाहरण धार जिल्ह्यातच घडले, आणि ते सांगितल्याशिवाय हे चित्र पुरे होणार नाही. धरमपुरी तहसिलीत कोठिदाजवळ कारम नदीवर बांधले जात असलेले मातीचे धरण ऑगस्ट २०२२ मध्ये झिरपू लागले. पाणी भिंतीतून माती घेऊन बाहेर येऊ लागले, की मातीच्या धरणाचे दिवस नव्हे, तास भरतात. पुण्यात १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, त्याची आठवण असलेल्या कोणाही मराठी माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. कारमच्या धरणात त्या वेळी सुमारे १५ दशलक्ष घनमीटर पाणी होते. सरदार सरोवरातून २०२३ साली जो प्रवाह गेला, त्याच्या हिशोबाने हे अवघ्या पाच मिनिटांचे पाणी. पण तेवढे पाणी एकदम सुटले असते तर खालची गावे उरली नसती. धार आणि खरगोण जिल्ह्यांतील अठरा गावे रिकामी करण्यात आली, महामार्गावरची वाहतूक थांबविण्यात आली, आणि धरणाच्या बाजूने खडक फोडून एक चर काढून १४ ऑगस्टला पाणी हळूहळू उतरविले गेले. घरांचे, गुरांचे, शेतांचे हाल झाले. परंतु एकही माणूस गेला नाही.

धाराजी आणि कारम ही दोन नावे शेजारी ठेवून पाहावीत. धाराजीला वरचे धरण भक्कम होते, यंत्रे नवी होती, पाणी ठरल्याप्रमाणे सुटले होते, आणि माणसे गेली. कारमला बांधकामच सदोष निघाले, पाणी अनावर होऊ पाहत होते, आणि माणसे वाचली. दोहोंतला फरक यंत्राचा नाही, वेळेवर पोचलेल्या वार्तेचा आहे. कारमच्या काठी रात्री-अपरात्री गावोगाव फिरून लोकांना उठविणारे शिपाई, तलाठी आणि शिक्षक होते. धाराजीच्या घाटावर त्या रात्री असे कोणी पोचले नाही.

कारमनंतर आणि त्याआधीही जे कायदे झाले, त्यांत धरणसुरक्षेचा २०२१ सालचा केंद्रीय कायदा महत्त्वाचा आहे. धरण फुटले किंवा मोठा विसर्ग झाला तर पाणी कोठवर जाईल याचे नकाशे आणि संकटकाळी करावयाच्या कामांचा आराखडा त्याने धरणधारकांवर बंधनकारक केला. हे नकाशे संगणकच काढतो. भिंतीला अमुक रुंदीचे भगदाड अमुक वेळात पडले असे धरून खालच्या प्रत्येक गावात पाणी केव्हा पोचेल आणि किती चढेल हे तो सांगतो. परंतु असा नकाशा मुख्य अभियंत्याच्या कपाटात कुलुपात राहिला, तर त्याची किंमत रद्दीइतकीच. तो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला पाहिजे, शाळेच्या वर्गात टांगला गेला पाहिजे, आणि त्यावरची रेषा गावातल्या वडाच्या झाडाने, मारुतीच्या देवळाने, विहिरीच्या कठड्याने ओळखता आली पाहिजे. समुद्रसपाटीपासून १४२ मीटर ही भाषा काठावरच्या माणसाची नाही. ‘पाणी मारुतीच्या पायरीला लागेल’ ही त्याची भाषा आहे. प्रारूपाचे अखेरचे काम भाषांतराचे आहे, आणि तेच बहुधा अर्धवट राहते.

ग्रंथालयाच्या शताब्दीत हा विषय कशासाठी, या शंकेचे समाधान येथेच होते. प्रारूप कितीही कुशाग्र असले तरी ते नोंदींवर जगते. मागच्या पन्नास पावसाळ्यांत कोठे किती पाऊस झाला, कोणत्या तिथीला नदी कोणत्या पायरीपर्यंत आली, कोणत्या साली कोणता पूल बुडाला, हे ज्यांनी निष्ठेने लिहून ठेवले, त्यांच्या खांद्यावर आजचा संगणक उभा आहे. नोंद नसेल तर त्याला काही शिकविता येत नाही. मग तो आत्मविश्वासाने चूक सांगतो. शंभर वर्षे आवक-जावक रजिस्टर चालविणाऱ्या, कीड लागलेल्या वह्यांना हळद-कडुनिंब लावून जपणाऱ्या संस्थेला याचे महत्त्व निराळे सांगण्याची आवश्यकता नाही. काशिनाथ कृष्ण लेले यांच्यासारख्यांनी धारला शिलालेखांचे ठसे जपले, म्हणून भोजकालाबद्दल आज काही बोलता येते. तशीच एक जपणूक नदीच्या बाबतीतही हवी. काठच्या गावांतील वृद्धांच्या आठवणी, देवळांच्या पायऱ्यांवरील पुराच्या खुणा, जुनी वृत्तपत्रे, संस्थानी दप्तरातील पर्जन्याच्या नोंदी यांचा एक विभाग या ग्रंथालयात उघडला गेला, तर पुढच्या पिढीतील एखाद्या अभियंत्याला त्यात आपल्या प्रारूपाची चूक सापडेल. असा संग्रह करण्यास मोठा निधी लागत नाही. चिकाटी लागते, आणि ती या वास्तूत शंभर वर्षे दिसून आली आहे.

भोजाचा तलाव रिता होण्यास दंतकथेने तीन वर्षे दिली. कारमला तीन दिवस मिळाले, सरदार सरोवराला त्या सप्टेंबरात काही तास, आणि धाराजीच्या घाटावर झोपलेल्यांना काहीच मिळाले नाही. पाणी तेच आहे, काळाचे माप आखूड होत गेले आहे. संगणक या मापात थोडी भर घालू शकतो: कधी सहा तास, कधी बारा, कधी एक दिवस. ते तास कोणाचे, हे मात्र तो ठरवीत नाही. ते तास जलाशय आणखी एक फूट भरून घेण्यासाठी खर्च होतील, की चिखलद्याच्या एखाद्या घरातील म्हातारीला, गुरांना आणि धान्याच्या कोठीला उंचावर नेण्यासाठी, हा निर्णय माणसांचा आहे. आणि ज्या निर्णयाची तासागणिक नोंद ठेवली जाते व जी नोंद कोणालाही वाचता येते, तो निर्णय घेताना माणूस नर्मदेतल्या गोट्यासारखा कोरडा राहू शकत नाही.